हेसच्या नियमाने उत्तर चुकतंय? आधी फरक किती पडला ते बघा

हेसचा नियम म्हणजे अभिक्रिया एका झटक्यात होवो की अनेक पायऱ्यांनी, एकूण उष्णता तीच. पायऱ्यांच्या उष्णतांवरून संपूर्ण अभिक्रियेची उष्णता काढताना चुकलेले इतके हिशोब मी दुरुस्त केले आहेत की आता समोर कागद आला की पहिल्या ओळीपासून वाचतच नाही. थेट शेवटचा आकडा बघतो. अपेक्षित उत्तरातून आलेलं उत्तर वजा केलं की जी रक्कम उरते, ती बहुतेक वेळा चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगते. सगळा हिशोब खोडून पुन्हा पहिल्यापासून करायला बसलात तर तीच चूक तेवढ्याच आत्मविश्वासाने पुन्हा होईल.

लक्षणं

- आकडा बरोबर, चिन्ह उलटं.
- फरक एखाद्या पायरीच्या आकड्याच्या बरोबर दुप्पट.
- फरक एखाद्या पायरीच्या आकड्याएवढाच.
- फरक ४४ किंवा ८८ किंवा १३२. थोडक्यात ४४ च्या पटीत.
- उत्तर निम्मं किंवा दुप्पट.
- उत्तर साधारण सव्वाचार पटीने लहान किंवा मोठं.
- फरक दोन-तीन किलोज्यूलचा, आणि तो कुठूनच येत नाही.
- फरकाला काही ओळखच नाही. कुठल्याही पायरीशी त्याचं नातं लागत नाही.

शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी सगळ्यांची कारणं पाच-दहा मिनिटांत सापडतात. शेवटचं असेल तर बहुधा समीकरणंच जुळलेली नाहीत. त्यासाठी खाली लोखंडाचं उदाहरण मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

एकच उदाहरण, पाच प्रकारे बिघडवलेलं

ग्राफाइट आणि हायड्रोजनपासून मिथेन होताना किती उष्णता बाहेर पडते, हे थेट मोजता येत नाही. दोन्ही एकत्र ठेवून वाट पाहिली तर काही होत नाही, आणि तापवलं तर एकटा मिथेन मिळेल याची खात्री नाही. म्हणून ज्वलनाचे तीन मोजता येणारे आकडे घेतात. सगळे २५ अंश सेल्सिअसला, किलोज्यूलमध्ये. उणे म्हणजे उष्णता बाहेर पडते, अधिक म्हणजे शोषली जाते:

(१) कार्बन (ग्राफाइट) + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड : −३९३.५
(२) हायड्रोजन + अर्धा ऑक्सिजन → पाणी (द्रव) : −२८५.८
(३) मिथेन + २ ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + २ पाणी (द्रव) : −८९०.३

हवंय ते: कार्बन + २ हायड्रोजन → मिथेन. पहिलं जसंच्या तसं, दुसरं दुप्पट, तिसरं उलटं. −३९३.५ − ५७१.६ + ८९०.३ = −७४.८.

आता चुकलेली उत्तरं बघा. −१८५५.४ आलं? खऱ्या उत्तराशी फरक १७८०.६, म्हणजे ८९०.३ ची दुप्पट. तिसरी पायरी उलटी केली, पण तिचं चिन्ह बदललं नाही. +२११.० आलं? फरक २८५.८. दुसरी पायरी दुप्पट करायची राहिली. −६४६.४ आलं? फरक ५७१.६. तुमच्या तक्त्यात दुसरी पायरी आधीच दोन मोल (मोल म्हणजे पदार्थ मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) पाण्यासाठी छापली होती आणि तुम्ही ती पुन्हा दुप्पट केलीत. +१३.२ आलं? फरक ८८.०. दुसऱ्या पायरीत द्रव पाण्याऐवजी वाफेचा आकडा, −२४१.८, घेतला. आणि +७४.८ आलं असेल तर हिशोब पूर्ण बरोबर आहे, फक्त दिशा उलटी आहे.

चिन्हाच्या चुकीत दुप्पट फरक का पडतो? अधिकऐवजी उणे लिहिलं की तो आकडा मिळायचा राहतो आणि वर तेवढाच कापलाही जातो. गुणाकार विसरला तर तो फक्त मिळायचा राहतो. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे कागद दुरुस्त होतात.

अपेक्षित उत्तर माहीतच नसेल तर? खऱ्या कामात तसंच असतं. मग खालच्या तपासण्या क्रमाने करा. आधी नुसत्या डोळ्यांनी होणाऱ्या, मग पेन लागणाऱ्या, मग तक्ते लागणाऱ्या.

तपासणी १: अवस्था लिहिली आहे का

प्रत्येक पदार्थापुढे स्थायू, द्रव, वायू की जलीय हे लिहिलेलं आहे का, एवढंच बघा. पेनही लागत नाही. सर्वांत जास्त घात पाणी करतं. २५ अंशाला एक मोल पाण्याची वाफ व्हायला ४४.० किलोज्यूल लागतात, म्हणून एका पायरीत द्रव आणि दुसऱ्या पायरीत वाफ असेल तर ती दोन्ही पाणी एकमेकांना कापत नाहीत. कागदावर दोन्हीकडे 'पाणी' लिहिलं असल्यामुळे ती कापल्यासारखी दिसतात, इतकंच. मिथेनच्या ज्वलनाचा आकडा कुठे −८९०.३ तर कुठे −८०२.३ छापलेला आढळेल. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात पाणी द्रव आहे, दुसऱ्यात वाफ.

हाच दोष कधीकधी ३.३ च्या फरकाने दिसतो आणि चक्रावून टाकतो. बाष्पीभवनाचा ४०.७ हा आकडा पुष्कळांना पाठ असतो, पण तो १०० अंशाला लागू आहे. बाकीचा तक्ता २५ अंशाचा असेल तर ४४.० च घ्यायचा.

तपासणी २: एककं

जुन्या तक्त्यांत किलोकॅलरी असते. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. कार्बन डायऑक्साइडचा −९४.०५ आणि −३९३.५ हा एकच आकडा दोन वेशांत. सगळेच आकडे किलोकॅलरीत असतील तर उत्तर सव्वाचार पटीने लहान येतं आणि चूक लगेच कळते. त्रास होतो तो एकच आकडा परका असेल तेव्हा, कारण मग फरकाला काही ओळख राहत नाही. वरच्या उदाहरणात फक्त पहिल्या पायरीत −९४.०५ घातलं तर उत्तर +२२४.६५ येतं. ते बघून कोणाला कॅलरी आठवेल?

संगणकावरच्या तक्त्यात हिशोब करत असाल तर आणखी एक सापळा. छापील दस्तऐवजातून आकडा उचलून चिकटवला की त्याच्या पुढचं उणे चिन्ह कधीकधी खरं उणे नसून तसं दिसणारी आडवी रेघ असते. संगणक त्या घराला अक्षरं समजतो, आणि बेरजेचं सूत्र अक्षरांचं घर काही न बोलता वगळतं. फरक बरोबर त्या पायरीएवढा येतो, म्हणून तुम्ही गुणाकार शोधत बसता. घरातला मजकूर आपोआप डावीकडे सरकलेला दिसला तर संशय घ्या आणि चिन्ह हाताने टाका.

तपासणी ३: आकडे झाका, फक्त समीकरणांची बेरीज करा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची तपासणी, आणि लोक हीच टाळतात. उष्णतेच्या आकड्यांवर कागद ठेवा. फक्त समीकरणं बेरीज करा. डावीकडचं सगळं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, दोन्हीकडे असलेलं कापा. उरलेलं समीकरण हव्या असलेल्या समीकरणाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, सहगुणकांसकट, म्हणजे पदार्थांपुढच्या आकड्यांसकट. जुळलं नाही तर आकड्यांना हात लावू नका. समीकरण चुकलेलं असताना आकडे घोळवत बसणं म्हणजे नसत्या कामात वेळ घालवणं.

लोखंडाचं उदाहरण घ्या. हेमॅटाइटचं म्हणजे फेरिक ऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइडने लोखंड होतं, ते तीन पायऱ्यांनी (मॅग्नेटाइट आणि फेरस ऑक्साइड ही वाटेत होणारी लोखंडाची दुसरी ऑक्साइडं):

(अ) ३ फेरिक ऑक्साइड + कार्बन मोनॉक्साइड → २ मॅग्नेटाइट + कार्बन डायऑक्साइड : −४७.२
(ब) मॅग्नेटाइट + कार्बन मोनॉक्साइड → ३ फेरस ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड : +१९.४
(क) फेरस ऑक्साइड + कार्बन मोनॉक्साइड → लोखंड + कार्बन डायऑक्साइड : −११.०

हवंय: फेरिक ऑक्साइड + ३ कार्बन मोनॉक्साइड → २ लोखंड + ३ कार्बन डायऑक्साइड.

घाईत असलेला माणूस तिन्ही आकडे सरळ बेरीज करतो आणि −३८.८ लिहितो. मोहात पाडणारी गोष्ट अशी की तिन्ही पायऱ्यांत मिळून कार्बन मोनॉक्साइडचे बरोबर तीन मोल दिसतात, म्हणून वरवर सगळं जुळल्यासारखं वाटतं. पण समीकरणं कापून बघा: डावीकडे तीन फेरिक ऑक्साइड, उजवीकडे एकच लोखंड, आणि एक मॅग्नेटाइट व दोन फेरस ऑक्साइड तसेच पडून.

सोडवायची रीत अशी. जो पदार्थ एकाच पायरीत येतो, त्याच्यापासून सुरुवात करा. फेरिक ऑक्साइड फक्त (अ) मध्ये आहे. हवंय एक, आहेत तीन, म्हणून (अ) ला एक तृतीयांशाने गुणा. लोखंड फक्त (क) मध्ये आहे. हवेत दोन, म्हणून (क) दुप्पट. आता (क) ला दोन फेरस ऑक्साइड लागतात आणि (ब) तीन देते, म्हणून (ब) ला दोन तृतीयांश. पडताळा मॅग्नेटाइटवर: (अ) मधून दोन तृतीयांश तयार होतं, (ब) मध्ये दोन तृतीयांश खर्च होतं. कापलं गेलं. कार्बन मोनॉक्साइड: एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि दोन, एकूण तीन. जुळलं.

आता आकड्यांवरचा कागद काढा: −१५.७ + १२.९ − २२.० = −२४.८.

ऑक्सिजनसारखा जवळजवळ प्रत्येक पायरीत डोकावणारा पदार्थ सुरुवातीला धरू नका. बाकीचं जुळलं की तो आपोआप जुळतो. नाही जुळला तर मूळ पायऱ्यांपैकी एखादं समीकरण संतुलितच नाही.

अपूर्णांक बघून बिचकणारे बरेच भेटतात. 'एक तृतीयांश अभिक्रिया कशी होईल?' हा हिशोब मोलचा आहे, एकेका रेणूचा नव्हे. एक तृतीयांश मोल ही व्यवस्थित मोजता येणारी रक्कम आहे.

तपासणी ४: उलटवलं तर चिन्ह, गुणलं तर आकडा

समीकरणं जुळली आणि तरीही उत्तर चुकतंय, तर समीकरणाला जे केलं ते आकड्याला केलेलं नाही. प्रत्येक पायरीच्या समासात लिहा: 'गुणिले २', 'उलट', 'गुणिले २, उलट'. मग ती नोंद आकड्यावर लागू झाली आहे का, तेवढं बघा. हे मनातल्या मनात करू नका. मूळ आकडाच ऊष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या, पायरीचा असेल तर उलटवल्यावर तो उणे होतो, आणि 'उलटवलं की अधिक' असं पाठ केलेले तिथे हमखास घसरतात.

तपासणी ५: एक मोल कशाचा

'किलोज्यूल प्रति मोल' वाचलं की विचारा, कशाच्या मोलला? पाण्याची निर्मिती −२८५.८ आहे, एका मोल पाण्यासाठी. समीकरण '२ हायड्रोजन + ऑक्सिजन → २ पाणी' असं लिहिलं तर −५७१.६. निर्मितीची उष्णता (मूलद्रव्यांपासून पदार्थ होतानाची) तयार होणाऱ्या पदार्थाच्या एका मोलला, ज्वलनाची जळणाऱ्या पदार्थाच्या एका मोलला. उत्तर निम्मं किंवा दुप्पट येत असेल तर पुढे शोधू नका, चूक इथेच असते.

तपासणी ६: कुठून काय वजा करायचं

पायऱ्या न लिहिता सूत्र वापरणाऱ्यांसाठी. निर्मितीच्या उष्णता वापरत असाल तर उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा. ज्वलनाच्या उष्णता असतील तर नेमकं उलट. बंध ऊर्जा असतील तर तुटलेल्या बंधांतून तयार झालेले वजा.

तीन सूत्रं पाठ करून त्यांतलं चुकीचं वापरण्यापेक्षा कारण समजून घेतलेलं बरं. निर्मितीत पदार्थ बाणाच्या शेवटी असतो आणि ज्वलनात सुरुवातीला, म्हणून चिन्हं उलटतात. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, म्हणून तुटलेले अधिक. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल होतात तेव्हा ४३६ + २४२ − २ × ४३१ = −१८४. हे उत्तर मोजलेल्या आकड्याच्या अगदी जवळ येतं, कारण सगळे रेणू दोन अणूंचे आहेत आणि सगळे वायू आहेत.

इतरत्र बंध ऊर्जेकडून एवढी अपेक्षा ठेवू नका. तक्त्यातल्या बंध ऊर्जा बहुधा सरासरी असतात. मिथेनमधले चारही कार्बन-हायड्रोजन बंध तोडले तर सरासरी ४१६ च्या आसपास पडते, पण पहिला एकटा बंध तोडायला सुमारे ४३९ लागतात. म्हणून बंध ऊर्जेने काढलेलं उत्तर पाच-दहा किलोज्यूल इकडेतिकडे झालं तर ती तुमची चूक नाही. आणि उत्पादित द्रव असेल तर बाष्पीभवनाची उष्णता वेगळी धरावी लागते, कारण ही पद्धत फक्त वायूंची आहे.

तपासणी ७: शून्य खरंच शून्य आहे का

मूलद्रव्याची निर्मिती उष्णता शून्य धरायची, हे सगळ्यांना माहीत असतं. ती फक्त ठरवलेल्या प्रमाण रूपासाठी शून्य असते, हे विसरलं जातं. ग्राफाइट शून्य, हिरा +१.९. द्रव ब्रोमिन शून्य, ब्रोमिनची वाफ +३०.९. स्थायू आयोडीन शून्य, त्याची वाफ +६२.४. ऑक्सिजन शून्य, पण ओझोन +१४२.७. फॉस्फरसची तर गंमतच आहे. लाल फॉस्फरस जास्त स्थिर, तरी प्रमाण म्हणून पांढरा धरतात, त्यामुळे लाल फॉस्फरसचा आकडा उणे येतो. हे बघून तक्ता चुकला आहे असं समजू नका.

तपासणी ८: द्रावण किती विरल

ही तपासणी फक्त आम्ल, अल्कली आणि क्षारांच्या द्रावणांसाठी. 'जलीय' एवढं लिहून भागत नाही. एक मोल सल्फ्युरिक आम्ल एक मोल पाण्यात मिसळलं तर साधारण २८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, भरपूर पाण्यात मिसळलं तर सुमारे ९५. दोन पायऱ्यांत आम्लाची विरलता वेगळी असेल तर ते आम्ल कापता येत नाही, द्रव पाणी आणि वाफ कापता येत नाही तसंच.

या नियमाचा जन्म नेमका इथूनच झाला. जिनिव्हात जन्मलेले आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणारे जर्मेन हेन्री हेस सल्फ्युरिक आम्ल टप्प्याटप्प्याने विरल करून मग अमोनियाने उदासीन करत होते. आधी जास्त पाणी घातलं तर विरल होताना जास्त उष्णता निघते आणि उदासीन होताना तेवढी कमी. एकूण तीच. त्यांनी हा नियम मांडला तो १८४० मध्ये, हेल्महोल्ट्झ यांचा ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध येण्याच्या सात वर्षं आधी.

तपासणी ९: दुसऱ्या वाटेने जा

इथपर्यंत सगळं ठीक वाटतंय आणि तरी मन खात असेल तर उत्तर दुसऱ्या वाटेने काढा. लोखंडाचं उदाहरण निर्मिती उष्णतांनी: फेरिक ऑक्साइड −८२४.२, कार्बन मोनॉक्साइड −११०.५, कार्बन डायऑक्साइड −३९३.५. तीन कार्बन डायऑक्साइडचे −११८०.५, त्यातून वजा −८२४.२ आणि −३३१.५. उत्तर −२४.८. वाटा वेगळ्या, मुक्काम एक.

तक्त्याचीही अशीच परीक्षा घेता येते. ग्राफाइट ते कार्बन मोनॉक्साइड −११०.५, तिथून कार्बन डायऑक्साइड −२८३.०, बेरीज −३९३.५. हा त्रिकोण बंद होत नसेल तर तुम्ही दोन वेगळ्या तक्त्यांतले आकडे मिसळले आहेत. सगळे आकडे एकाच तक्त्यातून घ्या. कुठे मिथेनची निर्मिती −७४.८ असते, कुठे −७४.६. एकटे दोन्ही चालतात, सरमिसळ चालत नाही.

कुठे थांबायचं

सगळ्या तपासण्या करून फरक एखाद्या किलोज्यूलच्या आतला असेल तर थांबा. तो तक्त्यांचा आणि दशांशांचा फरक आहे. विशेषतः दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटं उत्तर निघत असेल तेव्हा. ग्राफाइट आणि हिरा यांच्यातला १.९ हा ३९३.५ आणि ३९५.४ यांच्यातला फरक आहे. त्यातल्या एका आकड्यात दर हजारी एक एवढी चूक असली तरी ती ०.४ ची होते, म्हणजे उत्तराच्या पाचव्या भागाएवढी. अशा उत्तरात दशांशानंतरचा तिसरा अंक लिहू नका.

अभिक्रिया २५ अंशापेक्षा फार वेगळ्या तापमानाला होत असेल तर नुसत्या बेरजेने भागणार नाही. किरखॉफच्या समीकरणाने, प्रत्येक पदार्थाच्या उष्माधारकता (एक अंश तापवायला लागणारी उष्णता) घेऊन, दुरुस्ती करावी लागते. उष्माधारकतांचे भरवशाचे आकडे हाताशी नसतील तर उष्मागतिकीचं काम रोज करणाऱ्याला विचारा. अंदाजे आकडे घालून केलेली दुरुस्ती न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट ठरते.

उत्पादितं नक्की कोणती हेच ठाऊक नसेल, उदाहरणार्थ अर्धवट ज्वलन झालं असेल किंवा सोबत दुसरी अभिक्रिया चालत असेल, तरीही थांबा. हेसचा नियम तुम्ही लिहिलेल्या समीकरणाची उष्णता सांगतो. भांड्यात ते समीकरण घडतंय की नाही, हे त्याला कळत नाही. तिथे कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता मोजायच्या उपकरणात, मोजणं हाच उपाय, आणि ते काम प्रयोगशाळेचं.

हा आकडा वापरून कोणी खरी अभिक्रिया मोठ्या भांड्यात करणार असेल, थंड करण्याची सोय किती लागेल ते ठरवणार असेल, तर कागद बाजूला ठेवून प्रक्रिया-सुरक्षेच्या तज्ज्ञाला बोलवा. बेरीज एकूण उष्णता सांगते, ती दोन तासांत निघेल की दोन सेकंदांत ते सांगत नाही. तीच उष्णता सावकाश निघाली तर भांडं कोमट होतं, एकदम निघाली तर फुटतं. वेग आणि तापमान एकमेकांना कसे चढवतात हे अभिक्रिया कॅलरीमापीत थोड्या प्रमाणावर मोजूनच कळतं. 'थोडंसं करून बघू' म्हणून स्वतः मिसळायला जाऊ नका, आकडा कितीही निरुपद्रवी दिसला तरी.